त्याच्या नावासाठी

— पँट बरोबर आहे रे तुझी, उंची कुठे कमी करायचीय त्यात — बघ, बुटावर नीट पडतेय — मग आणलीस कशाला? राहू दे, कळलं. बस त्या स्टुलावर. दारात उभा राहू नकोस, समोरचे बघतात, म्हणतील, हिच्या पोराला गाडीखाली घेणारा आला आणि हिनं साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. पाणी हवंय? नको तर नको.

शिवणाचं मशीन चालू ठेवते हं, हात चालू असला की बोलता येतं. तर तू विचारतोयस, मी कोर्टात म्हणाले ते खरं का. म्हणाले ना — सगळ्यांसमोर म्हणाले, प्रभूच्या नावासाठी याला माफ केलं — आता आणखी काय हवं तुला? छे, रागावले नाही. राग येतच नाही मला. काहीच येत नाही, जेवतेसुद्धा घड्याळ बघून.

तुला ठाऊक नसेल, आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची एक रीत आहे. स्वतःसाठी मागायचं नाही. मोठ्याबाई — म्हणजे आमची प्रार्थना चालवतात त्या — त्यांनीच शिकवलं, बायबलात मोशे देवाला काय म्हणाला? या तुझ्या लोकांना मारलंस तर शत्रू, ते मिसरी, काय म्हणतील, नाव तुझंच जाईल. तसं मागायचं, म्हणजे त्याला नाही म्हणता येत नाही. पोरगा दवाखान्यात बेशुद्ध पडला होता तेव्हा मी तसंच मागितलं — प्रभू, माझं जाऊ दे, पण ही गल्ली तुला हसेल, शेजारचा मेकॅनिक तर तुला मानतच नाही, निदान त्याच्यापुढे तरी स्वतःची लाज राख. आणि मोठ्याबाईंनी चर्चच्या फाटकावर फळा लावला, पोराचं नाव घालून — हा उठून चालत येईल, या आणि देवाचा महिमा बघा. अडकवलंच म्हण ना आम्ही देवाला, त्यानं माघार घेऊ नये म्हणून.

गेला पोरगा. मग हसलं का कोणी? एकही नाही. तो मेकॅनिक — आम्ही मातीला गेलो होतो तेवढ्यात — त्यानं फळा उतरवला, पुसला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. याच माणसाच्या हसण्याची मी देवाला भीती घालत होते. अजून त्याच्या गॅरेजवरून जाताना मान खाली घालते मी.

आणखी एक सांगते, सांगणार नव्हते खरं. तूही त्याच दवाखान्यात होतास ना, खालच्या मजल्यावर, बरगड्या मोडून? चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, त्याच्यासाठीही प्रार्थना करा. मला नव्हती करायची. पण बायका बघत होत्या, आपणच नाही म्हटलं तर प्रभूचं नाव खराब व्हायचं — म्हणून केली. धड डोळेही मिटले नाहीत. त्यालाही बरं कर, एवढंच म्हणाले, आणि म्हणताना मनात होतं, नको करूस. तीच ऐकली देवानं. घसा फोडून मागितलेली नाही, ही. आता रविवारी चर्चमध्ये सगळे म्हणतात, तुझे नाव पवित्र मानले जावो, तेव्हा मी नुसते ओठ हलवते.

काय? कोर्टातलं तेच, पण त्याच्या नावासाठी नको, तुझ्यासाठी म्हणू? नुसतं तुला?

बघते. कोर्टात सोपं होतं रे, माणसं होती, त्याचं नाव राखायचं होतं — इथे कोण आहे? तू आणि मी. थांब, मशीन बंद करते. हं. मी तुला — मी —

नाही येत. दोन शब्द आहेत, माहीत आहेत, पण नाही येत. रडू नकोस, तू रडलास तरी मला काही होत नाही, आणि ते बरं दिसत नाही. ऊठ आता, मला कामं आहेत. पँट? ठेव ती इथेच. अर्धा इंच कमी करते. शनिवारी ये न्यायला.