पट किती, बाई?

मंडळी, बसून घ्या. बाकं लहान आहेत, पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी केलेली आहेत, गुडघे अडकतात, मला माहीत आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी मागं भिंतीला टेकून उभं राहिलं तरी चालेल. बाईंची खुर्ची तेवढी मोकळी राहू द्या. तिच्यावर त्यांचा फोटो ठेवलाय.

मला बोलायला सांगितलंय. चौदा वर्षं मी या खोलीत नागमणीबाईंशी बोललो, रोज बोललो, रोज भांडलो. पण बाई समोर असल्या की मला बोलता यायचं. समोर कुणी खोडून काढणारं नसताना बोलायची मला सवय नाही. कागदावर चार मुद्दे लिहून आणले होते. पहिला मुद्दा 'कर्तव्यदक्ष मुख्याध्यापिका' असा आहे. तो वाचला आणि वाटलं, बाईंनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, "सर, हे कुणाबद्दल चाललंय की?" म्हणून कागद खिशात ठेवला.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी या शाळेतला दुसरा शिक्षक. पहिल्या बाई, दुसरा मी, तिसरं कुणी नाही. पहिली ते चौथी, दोन खोल्या. सकाळी कुर्डुवाडीहून गाडीनं येतो, संध्याकाळी परत जातो. घरी मी एकटाच असतो. त्यामुळं दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते लेकरांशी आणि बाईंशी. आता दुसरा शिक्षकही मीच आणि पहिलाही मीच.

दुपारी खिचडी वाटून झाली की आमचा चहा व्हायचा. दोन कप. मी पेपर उघडायचो आणि बाई म्हणायच्या, "वाचा सर, आज आपल्याला कुणी बंद करायचं म्हणतंय का बघा." पेपरात एक विषय पुन्हा पुन्हा यायचा. व्हाउचर. म्हणजे काय? सरकारनं शाळा चालवायच्या नाहीत, पालकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. पालकानं हवी ती शाळा निवडायची, चिठ्ठी तिथं द्यायची, सरकारनं त्या शाळेला पैसे द्यायचे. मला ते पटायचं. आजही बरंचसं पटतं, खोटं कशाला बोलू? पैसेवाल्याला दहा शाळांतून निवडता येतं. मग विड्या वळून चार पोरं वाढवणाऱ्या बाईनं काय पाप केलंय? तिनं आमची ही गळकी शाळाच का गोड मानून घ्यायची? मी हे तावातावानं सांगायचो. बाई चहा फुंकत ऐकायच्या.

मग कप खाली ठेवून म्हणायच्या, "आणि चिठ्ठी घेऊन ती गेली, आणि तितला साहेब म्हणाला तुझं लेकरू न्हाय घेत, मग? आपल्याला न्हाय म्हणायची सोयच न्हाय सर. दारात आलं त्याला घ्यायचं. सगळे चिठ्ठ्या घेऊन गेले, की ज्याला कुणीच घेत न्हाय त्यानं कुटं जायचं? तवर हितं कुलूप लागलेलं असतंय."

मी म्हणायचो, बाई, तुम्ही शाळेचं बघताय, मी लेकराचं बघतोय. त्या म्हणायच्या, सर, मी त्या लेकराचं बघतेय जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही. मग घंटा व्हायची आणि वाद उद्यावर जायचा. चौदा वर्षं तो उद्यावर जात राहिला.

आणि मी नुसता वाद घालत नव्हतो. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांसाठी असतात, फी सरकार भरतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठीच ती, नाव वेगळं. त्याचे ऑनलाइन फॉर्म मी शाळा सुटल्यावर याच खोलीत बसून भरायचो, शाळेच्याच कॉम्प्युटरवर. इथल्या निम्म्या आयांचे फॉर्म मी भरलेत. त्यात नकाशावर आपलं घर दाखवायला एक लाल फुगा ठेवावा लागतो. फुगा केसभर सरकला की घरापासून शाळेचं अंतर बदलतं आणि फॉर्म बाद होतो. माझा हात जड. बाई मागं उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "सर, फुगा तळ्यात गेलाय. लेकराला पवायला लावता काय?" आणि स्वतः माउस धरून फुगा बरोबर गल्लीत, बरोबर दारात आणून ठेवायच्या.

विचार करा, मंडळी. फुगा बरोबर बसला, नंबर लागला, की आमच्या पटावरचं एक नाव कमी. बाईंना हे माझ्याआधी कळत होतं. तरी फुगा त्यांनी कधी तळ्यात राहू दिला नाही.

इरफान मागं उभा आहे. त्याचा नंबर लागला आणि त्याचं चांगलं झालं. आता बारावीला आहे. त्याचं कौतुक बाई गल्लीभर सांगत फिरायच्या. आणि रेणुकाताई इथं पुढं बसल्यात. त्यांच्या मुलीचाही नंबर लागला होता. पेढे माझ्या हातावर पहिले पडले. फी नव्हती, पण बसचं भाडं होतं, स्नेहसंमेलनाचा ड्रेस होता, खेळाचे बूट वेगळे होते, आणि डायरीत दर आठवड्याला नवीन काहीतरी लिहून यायचं, ते घरात वाचणारं कुणी नव्हतं. पोर दोन वर्षांत बोलायची बंद झाली. एका सकाळी रेणुकाताई तिला हाताला धरून या दारात उभ्या राहिल्या. मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता बाई मला ऐकवणार. बाईंनी पोरीला एवढंच विचारलं, "जेवलीस का गं?" आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. मला त्या दिवशी काही बोलल्या नाहीत आणि नंतरही कधी नाही.

आता जे सांगायचंय ते सांगतो. ते सांगण्यासाठीच उभा राहिलोय.

पट घटत अकरावर आला. अकरा लेकरं, दोन शिक्षक. दिवाळीनंतर पर्यवेक्षक साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, पट किती, बाई? बाई म्हणाल्या, बारा. मी म्हणालो, अकरा. साहेबांनी दोघांकडं बघितलं. हजेरीपत्रकात अकरा, पोषण आहारात अकरा, वर पाठवलेल्या माहितीत अकरा. साहेब हसले आणि अकरा लिहून गेले. ही काही पहिली वेळ नव्हती. बाई तोंडी नेहमी एक जास्त सांगायच्या. नव्वद होते तेव्हा एक्क्याण्णव, चाळीस होते तेव्हा एकेचाळीस. मी ते हसण्यावारी न्यायचो. त्या दिवशी नेलं नाही. शाळा जाणार हे दिसत होतं, मला माझी बदली दिसत होती, माझं डोकं फिरलेलं होतं. साहेब गेल्यावर मी बाईंना म्हणालो, "बाई, असल्या एकेका खोट्या नावानंच सरकारी शाळा बदनाम झाल्या. आणि तुम्ही मला शिकवता?"

खोट्या नावानं. चौदा वर्षं रोज सकाळी माझ्या आधी येऊन खोली झाडणाऱ्या बाईंना मी हे म्हणालो.

बाईंनी कप उचलले. म्हणाल्या, "रजिस्टर कदी नीट बघा की सर."

मी बघितलं नाही. मला बघायची गरज वाटली नाही, कारण मी बरोबर होतो. त्यानंतरही चहा होत राहिला. पण बाईंनी पेपर वाचा म्हणून सांगितलं नाही, आणि मी वाचला नाही. एका खोलीत दोन माणसं आणि मध्ये दोन कप. मंडळी, भांडण बरं असतं. भांडण म्हणजे समोरचं माणूस अजून आपल्याला उत्तर द्यायच्या लायकीचं समजतंय. ते बंद झालं की काय उरतं ते मी तेव्हापासून बघतोय. मला माफी मागता आली असती. रोज येता-जाता गाडीत मी वाक्य जुळवायचो आणि शाळेच्या पायरीवर येऊन ते गिळायचो.

मग बाई दवाखान्यात गेल्या. मी एकदा भेटायला गेलो. बोलवत नव्हतं त्यांना. मी काय बोलावं ते न सुचून म्हणालो, बाई, आज सगळी लेकरं आली होती, अकराच्या अकरा. त्यांनी डोळे उघडले, अगदी हळू म्हणाल्या, "बारा, सर." मला वाटलं, आजारपण बोलतंय. मी मान हलवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. बाईंची आणि माझी ती शेवटची भेट.

त्यांना जाऊन आज तेरा दिवस झाले. गेल्या सोमवारी पत्र आलं. जूनपासून आपली शाळा शेजारच्या शाळेत समायोजित होणार. सगळी रजिस्टरं पूर्ण करून जमा करा, एकही रकाना रिकामा ठेवू नका, असं त्यात म्हटलंय. म्हणून मी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर काढलं. ज्यांनी हे बघितलं नसेल त्यांना सांगतो, शाळेत आलेल्या प्रत्येक लेकराची त्यात एक ओळ असते. शेवटचे दोन रकाने असतात, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचं कारण. आमच्याकडं कितीतरी पोरं दाखला न घेताच गेलेली. पण बाईंनी मुख्याध्यापिका झाल्यावर घरोघर फिरून एकेक ओळ लाल शाईनं पूर्ण केली होती. गाव सोडलं. लग्न झालं. वारलं. एकही ओळ सुटलेली नव्हती.

एक सुटलेली होती. कुमारी नागमणी नरसय्या. मातृभाषा तेलुगू. वडिलांचा धंदा, मागावर कामगार. पहिलीत दाखल. पुढचे दोन्ही रकाने कोरे.

दत्तूअण्णा, तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ, तुम्ही मला काल सांगितलंत म्हणून आज सांगतो. चौथी झाल्यावर आई अंथरुणाला खिळली आणि अक्का घरी बसली, विड्या वळायला. दोन वर्षांनी दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंनी वयाच्या प्रतिज्ञापत्रावर तिला पाचवीत घातलं. इथला दाखला आणायला कुणी आलंच नाही. कारण तिला इथून कुणी काढलंच नव्हतं, आणि तीही 'मी गेले' असं कधी म्हणाली नव्हती. गावभराच्या ओळी पूर्ण करणाऱ्या बाईंनी स्वतःची ओळ तशीच ठेवली. बाईंच्या हिशेबात पटावर त्या स्वतः एक, बाकीची अकरा लेकरं. मोजून बघा, बारा होतात.

खोटं नाव नव्हतं ते. या शाळेच्या पटावरचं सगळ्यात जुनं खरं नाव होतं.

माझं मत सगळंच चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाईंनाही ते आवडलं नसतं, त्या म्हणाल्या असत्या, सर, मेलेल्या माणसाला जिंकून देऊ नका. पण बाईंचं उत्तर आता माझ्या वादाला येणार नाही. चहा मी अजून दोन कपांचाच टाकतो. हात ऐकत नाही.

या महिन्यात मी अकरा दाखले लिहीन. अक्षर चांगलं काढीन. रजिस्टर जमा करीन तेव्हा एक ओळ अपूर्ण असेल. साहेब विचारतील, मी सांगेन, विद्यार्थिनीनं शाळा सोडलेली नाही. त्यावर काय व्हायचं ते होऊ द्या.

आता उभे राहू या. या खोलीत बाईंनी लेकरांना कधी 'गप्प बसा' म्हटलं नाही, गोंगाट आहे तोवर शाळा आहे म्हणायच्या. म्हणून शांत राहा हे सांगायला मला जड जातंय. तरी थोडा वेळ शांत राहू. तुम्ही त्यांच्यासाठी राहा. मला एक उत्तर द्यायचंय, ते मी मनात देतो, दिवाळीपासून राहिलंय.

बारा, बाई. पट बारा.