अठ्ठेचाळिसावा तुकडा

नाय मॅडम, माझा नाय दुखत घसा — पोरीचा दाखवायचाय, लाइबाचा, साडेचार वर्षांची हाय. ती बाहेर बाकावर बसलीय आईच्या मांडीवर. मी मुद्दाम एकटा आत आलो, तिच्या आईसमोर बोलता नसतं आलं. चिठ्ठीवर खोकला लिहिलंय ना, ते मीच लिहायला सांगितलं, तिच्या आईला पण रातच्याला खोकती म्हणूनच आणलंय — पण खोकला नाय तिला. खोकला असता तर लई बरं झालं असतं. उस्मानपुऱ्यात घशाचे चांगले डॉक्टर कोण, असं विचारत विचारत आलोय तुमच्याकडं.

मी फायबरचं काम करतो. व्हय, तेच — कंपन्यांत कॉम्प्युटर एकमेकाला जोडतात, नेट जोरात पळावं म्हणून काचेची तार टाकतात, ती जोडणारा मी. मुख्तार नाव माझं, बारा वर्षं हेच करतोय. तार म्हणजे केसाएवढी, अन् वरून आरपार दिसणारी, डोळ्याला दिसत नाय की हाताला लागत नाय. जोडायच्या आधी दोन्ही बाजूंचं टोक छाटावं लागतं, अन् छाटलेला तुकडा तिथल्या तिथं काळ्या चिकटपट्टीवर लावायचा. आमचे उस्ताद सर्जेराव, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — पट्टीवरचे तुकडे मोजल्याबिगर उठायचं नाय अन् हात धुतल्याबिगर भाकरीला शिवायचं नाय. ते तर म्हणायचे, एखादा अंगात गेला की रक्तातनं फिरत फिरत काळजापर्यंत जातो. खोटं असंल ना ते? — तुम्ही मान हलवली, म्हणजे खोटं का खरं, नीट सांगा मॅडम.

सोमवारची गोष्ट, आज तिसरा दिवस. चितेगावला एका कंपनीत होतो. चोवीस तारा जोडायच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस तुकडे. दुपारी काम संपलं, पट्टी मोजली — सत्तेचाळीस. परत मोजली, परत तेवढेच. म्हणलं, पडला असंल फरशीवर, फडकं मारलं अन् निघालो. हात? कुठं धुणार हो — बेसिनच्या नळाला त्यांनी पिशवी बांधून ठेवलेली, ह्या साली जायकवाडीच आटलं, कामगारांना प्यायलासुद्धा टँकर. पँटीला पुसले हात. घरी आलो तर राहतनं, बायकोनं माझ्या, तांब्या पुढं केला. आता आमच्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी, पिंपात वीतभर पाणी राहिलेलं — मी म्हणलं, राहू दे, धुऊन आलोय. साफ खोटं बोललो, एका तांब्यासाठी.

मग काय, जेवायला बसलो. खिचडी होती, लाइबा मांडीत येऊन बसली, मी भरवली. नाय, ठसका-बिसका काय लागला नाय, खाल्लं तिनं, सगळं खाल्लं. — बोलली? काय नाय बोलली. म्हणजे — बोलली. दुसऱ्या घासाला तोंड वाकडं केलं अन् म्हणली, अब्बा, चुभरा. टोचतंय म्हणली. मी म्हणलं, जिरं असंल बेटा, गिळ. गिळ म्हणलं मी, मॅडम. ती थुंकायला बघत होती माझ्या हातावर, तर वरून पाण्याचा घोट पाजला मी. अन् खोटं कशाला बोलू तुमच्याशी, त्या टायमाला सत्तेचाळीस माझ्या मनात आलं होतं. आलं, अन् मी ते झटकून टाकलं. हे राहतला माहीत नाय. तुम्हाला पण सांगणार नव्हतो, नुसतं घसा बघा म्हणणार होतो.

तवापासून जीव टांगणीला लागलाय. बॅटरी घेऊन तिचा घसा बघतो — सकाळी बघतो, कामावरनं आल्यावर बघतो, झोपलेली असली तरी जबडा उघडून बघतो. राहत म्हणती, येड लागलंय का तुम्हाला. ती शिंकली तरी मी बॅटरी शोधतो, हसली तरी शोधतो, आता ह्या हसण्यानं ते अजून खाली सरकलं तर काय करू? एक्सरेत येतं का दिसून? नाय? मग कशात येतं?

व्हय, बोलावतो. राहत, आण तिला आत. काय नाय गं, खोकल्याचंच बोलत होतो. लाइबा, ये बेटा, ह्या खुर्चीवर बस. मॅडमला दाखव, आ कर. — कर ना. अगं, बॅटरी मॅडमच्या हातात हाय, माझ्या हातात काय नाय, हे बघ. आ — बघा ना, दात आवळून बसली. तुमच्यामुळं नाय हो मॅडम. मी दिसलो की ती ओठ मिटून घेती.

मी? बाहेर? मॅडम, बाप हाय मी तिचा, मी धरतो की डोकं — मला बघू तर द्या —

बरं. नाय, बरोबर हाय तुमचं. लाइबा, मी चाललो बाहेर. दार लावून घेतो. आता उघड बेटा.