बाबांची खुर्ची

फोनवरही दबकून बोलता ना तुम्ही, म्हणून आणीबाणीतलं सांगतो. आमच्या बाबांना एकच शौक, संध्याकाळी रेडिओवर परदेशी बातम्या ऐकायच्या. एक दिवस समोरच्या पानठेल्यावर साध्या कपड्यातला पोलीस कान देऊन वहीत टिपून राहिला होता. गल्लीतले दोघं आधीच आत होते. आई घाबरली. "आवाज कमी करा नं जी."

"काहून वं? रेडिओचं लायसन आहे आपल्याजवळ. काय आयकाचं नाही, हे त्यात कुठं लिहिलं आहे?"

बाबांनी रेडिओ ओसरीवर आणला, आवाज वाढवला, शेजारी खुर्ची ठेवली अन् हाक मारली, "या साहेब, इथं बसा. तिथून अर्धवट आयकून रिपोर्ट चुकला, तर नोकरी जाईल तुमची."

तो आला नाही. पण आणीबाणी उठेपर्यंत बाबांनी ती खुर्ची रोज मांडली.