थेंबांची चाल

(प्रयोगशाळा. माणसापेक्षा उंच काचेचा कॉलम. दोघी बहिणी.)

धाकटी : ...तर पाणी वरून उतरतं, तेलाचे थेंब खालून चढतात आणि चढता चढता पाण्यातलं औषध ओढून घेतात. कुठला थेंब किती वेगानं चढेल, कुठे फुटेल, हे माझं मॉडेल आधीच सांगतं. कसं वाटलं, ताई?

थोरली : 'माझं' जरा जोरात आलं.

धाकटी : झालं सुरू.

थोरली : डोळ्यांची वाट लावून थेंबांचे फोटो काढले मी. तू संगणकापुढे बसलीस आणि सर तुझ्या खुर्चीमागे उभे. अहवालात माझं नाव कुठे, तर शेवटच्या पानावर, आभारात. वायरमनच्या खाली.

धाकटी : त्यानं खरंच मदत केली होती गं. ते जाऊ दे. कारखान्यानं पाठवलेल्या पाण्याचा कॅन काल तू उघडलास. सील तुटलंय. काय दिसलं?

थोरली : मॉडेल आहे ना तुझं? त्याला विचार.

धाकटी : ताई, आत्ता कारखान्याची माणसं येतील. माझ्या आकड्यांवर ते तीन मजली कॉलम बांधणार आहेत.

थोरली : बांधू देत की.

धाकटी : तू अशी बोलायला लागलीस की काहीतरी लपवत असतेस.

थोरली : लहानपणी पाहुणे आले की बाबा तुलाच पाढे म्हणायला लावायचे. शिकवलेले कुणी? मी.

धाकटी : आणि आई तुझे जुने फ्रॉक माझ्या अंगात घालून म्हणायची, ताईसारखी नीट राहा. मीही जळायचे.

थोरली : तुझं जळणं संपलं. माझं नाही. जळते मी तुझ्यावर. ऐकायचं होतं ना?

धाकटी : ऐकलं. आता थेंबांचं सांग.

थोरली : रेंगाळतात. स्वच्छ पाण्यात थेंब आतल्या आत घुसळत चढतो, म्हणून भराभर जातो. कारखान्याच्या पाण्यात साबणाचा अंश आहे. तो थेंबाच्या अंगाला चिकटला की आतलं घुसळणं बंद. काल सगळा कॉलम तुंबला, दुधासारखा पांढरा झाला.

धाकटी : पण तुझ्या फोटोंत तर असं कधी...

थोरली : कसं दिसेल? दर वेळी मी काच स्पिरिटनं धुते, मग गाळीव पाण्यानं, मग पुन्हा. साबणाला तर हातही लावत नाही. माझे थेंब लाडात वाढलेले, आणि तू त्यांच्यावरच मॉडेल बेतलंस.

धाकटी : म्हणजे मी आज तशीच बोलले असते तर?

थोरली : तोंडावर आपटली असतीस. आज नाही, तो कॉलम उभा राहिल्यावर. कालपासून मी तेच डोळ्यांसमोर आणत होते. बरं वाटत होतं.

धाकटी : अजून वाटतंय?

थोरली : वाटलं असतं. पण तू येऊन लहानपणीसारखी माझ्यापुढेच पाठ म्हणायला लागलीस.

धाकटी : मी त्यांना सांगते, आकडे चुकलेत, थांबा. कालचं तू स्वतः चालवून दाखव. तुझं नाव पहिल्या पानावर टाकते.

थोरली : कुठे?

धाकटी : माझ्या शेजारी.

थोरली : शेजारी नको. वर.