पहाटेच्या पहाऱ्याचा स्वेटर

कारभारी : ह्यो माझा स्वेटर? अगं, ह्यात माझं मुंडकंबी जाईना. कुना लेकराचं टोपडं दाखवतीस का काय मला?

भागिरथी : तुमचाच हाय. आटला.

कारभारी : बसल्या जागी आटला?

भागिरथी : धुताना पानी लई कढत झालं. चुकलं माझं.

कारभारी : कढत पानी! आन् तुझ्या हातनं! अगं, सारी आळी लोकर धुवायला तुझ्याकडनं शिकली. त्या मालनबाईनं पिळा घातला, तर तिच्या हातातनं शाल हिसकून घेतली हुतीस तू. ‘लोकर पिळायची न्हाई बाई, पंच्यात गुंडाळून दाबायची.’

भागिरथी : म्हणले हुते. व्हय.

कारभारी : रिठ्याचं गार पानी, वाळवायचा सावलीत, त्यो बी बाजंवर आडवा, दोरीवर टांगला तर गळा लोंबतोय. उन्हाळाभर ट्रंकेत कडुलिंबाचा पाला. आपल्या शुभांगीनं लग्नाआधी विणलेला, अजून नव्यावानी हुता. आन् आज सप्ता बसला, आजच तुझं पानी कढत झालं?

भागिरथी : म्हातारी झाले. ध्यान ऱ्हात न्हाई.

कारभारी : बरं, ऱ्हाऊ दे. घोंगडी काढून ठेव. उद्या पहाटंचा पहारा माझा, वीणा माझ्याकडं येती. सात दिवस देवाचं नाव थांबत न्हाई आन् वीणा भुईला टेकत न्हाई. मी न्हाई गेलो तर आधीचा गडी वीणा घिऊन तिष्ठत ऱ्हाईल.

भागिरथी : उसातनं किती गारठा येतोय बघा की. डॉक्टरांनी काय सांगितलंय?

कारभारी : डॉक्टरला काकडा ठावं हाय का? घोंगडी काढ.

भागिरथी : रातच्याला कीर्तनाला जा, पुढं बसा, पोटभर ऐका. वीणा तेवढी नको.

कारभारी : का?

भागिरथी : नको म्हणते ना.

कारभारी : भागिरथी, हिकडं बघ. कोण काय बोललं?

भागिरथी : काल देवळातले पंच आल्ते, तुमी मळ्यात असताना. गेल्या साली तुमचा हात लटलट कापत हुता. वीणा निसटली, ती बाजूला टाळ धरून हुबा असलेल्या सहादेवानं वरच्यावर धरली. औंदा पहारा त्यालाच दिलाय. तुमाला सांगायला कुनाची जीभ रेटंना. मला म्हणाले, वहिनी, तुमी सांगा.

कारभारी : मग सांगायचं की.

भागिरथी : कोन्त्या तोंडानं? पहाटं वीणेला निघताना तुमचं त्वांड बघितलंय मी, जत्रंला निघालेल्या पोरावानी. म्हटलं, स्वेटर न्हाई म्हणून ऱ्हायले घरी तर ऱ्हातील. शिव्या मला देतील. पर लोकांनी काढलं, ह्ये त्यांना कळायला नको.

कारभारी : म्हणून पोरीच्या हातचा स्वेटर चुलीवर चढवलास?

भागिरथी : चढवला. एकेक टाका मिटत गेला, बघवंना मला.

कारभारी : शुभांगीला काय सांगशील?

भागिरथी : सांगितलं. एसटीडीवर जाऊन फोन लावला. रडली. मग म्हणाली, बरं केलंस आई.

कारभारी : येड्या गं दोघीबी.

(बाहेर वहाणा वाजतात.)

सहादेव : तात्या, हाईत का घरात? मी सहादेव.

भागिरथी : तुमी बोलू नका. मी सांगते त्याला, माझ्या हातनं स्वेटर आटला म्हणून ह्यांचं येनं न्हाई.

कारभारी : गप. ये रं सहादेवा, आत ये.

सहादेव : तात्या, मी पंचांना नकोच म्हणत हुतो. तुमी म्हणाल तर पहारा घेत न्हाई.

कारभारी : घे. माझ्या हाताला आता वीणा पेलत न्हाई.

सहादेव : तसं नव्हं तात्या...

कारभारी : तसंच हाय. गेल्या सालीच कळलं हुतं मला. वीणा सोडवत नव्हती, म्हणून बोललो न्हाई.

सहादेव : पाया पडतो तात्या.

कारभारी : असू दे, असू दे. पहाटं असा सदऱ्यावर जानार का?

सहादेव : शाल हाय की.

कारभारी : वीणा घेतली का शाल खांद्यावर ठरत न्हाई. आतनं कायतरी जाड घालून जा.