लाडकी आणि दांडगी

बाबा : दोन मजले वर यायला लिफ्ट! आता मला पाळण्यात घालायचं तेवढं बाकी ठेवलंयस.

लेक : बायपासला अजून वर्ष नाही झालं, बाबा. आणि कशाला हात लावू नका, पंप चालू आहेत.

बाबा : हे टकटक करतायत ते? यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी प्रयोगशाळा उघडलीस?

लेक : काचेच्या आत बघा. बुटाच्या नाडीएवढी पांढरी नळी दिसते? ती रक्तवाहिनी होणार आहे.

बाबा : प्लॅस्टिकची?

लेक : रबरासारखं ताणलं जाणारं, पण हळूहळू विरघळणारं प्लॅस्टिक. त्यावर पेशी वाढवल्यात. त्यांनी स्वतःची भिंत बांधली, की हे विरून जाणार.

बाबा : म्हणजे बांधकामाची परांची.

लेक : तशीच. फक्त काढायला माणूस लागत नाही.

बाबा : माझ्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल? पायातली शीर काढली, ती जागा अजून खाजते.

लेक : तुमची शीर निदान चांगली निघाली. ज्यांची निघत नाही, त्यांच्यासाठी हा खटाटोप. आज दाबाची परीक्षा आहे, रक्तदाबाच्या मापात नळी हजारापर्यंत टिकायला हवी. बाकी सगळ्या नळ्या वाढता वाढताच फाटल्या, या दोनच उरल्यात. एक जरी टिकली तर माझ्या गाइड मॅडम काम पुढे नेणार. दोन्ही फुटल्या, तर हे प्लॅस्टिक बाद आणि माझी तीन वर्षं पाण्यात.

बाबा : अरे देवा! बरं, हा पंप जोरात ठोकतोय आणि तो नुसता कुरकुरतोय, ते का?

लेक : पंप हृदयासारखे ठोके देतो, दर ठोक्याला नळी ताणली जाते. आधीच्या त्या ताणानंच फाटल्या. म्हणून मॅडमना विचारून मी हिचा ठोका कमी केला. ही माझी लाडकी.

बाबा : आणि ती?

लेक : ती दांडगी. इतके ठोके खाऊन कशी तगली, कोण जाणे. तिची काही आशा नाही.

बाबा : सावत्रपणा करतेस की! मी दांडगीच्या बाजूनं. लाव पैज. ती जिंकली तर मी जिन्यानं उतरणार.

लेक : आणि लाडकी जिंकली तर?

बाबा : तू म्हणशील तितके दिवस लिफ्ट, मफलर, दुपारची झोप. वर तक्रार नाही.

लेक : तक्रार नाही? लागली पैज!

(दोन्ही नळ्या दाबाच्या यंत्राला जोडून होतात.)

लेक : आधी लाडकी. पाणी सोडतेय. शंभर... दीडशे... बघा, कशी छान फुगतेय! दोनशे... अगं!

बाबा : माझ्या चष्म्यावर काय उडालं?

लेक : फुटली. तीही मधोमध. भिंतच धरली नाही हो तिनं. ताणच पडला नाही, तर पेशी बांधतील कशाला? मीच तिला जपून जपून वाया घालवली.

बाबा : बस जरा. दुसरी आहे ना अजून?

लेक : काटा तुम्ही वाचा. माझ्याच्यानं बघवत नाही.

बाबा : थांब, चष्मा पुसू दे. हं. दोनशे. तीनशे. पाचशे... ढिम्म हलत नाही ही बया! डोळे उघड, पोरी!

लेक : आठशे... हजार! बाबा, हजार!

बाबा : हसतेस की रडतेस?

लेक : दोन्ही. मॅडमना फोन करून उठवते आता, ओरडल्या तर ओरडू देत.

बाबा : खुशाल उठव. पण आधी पैजेचं बोल.

लेक : डॉक्टरांनी तर केव्हाच सांगितलं होतं, यांना चालू दे, जिने चढू दे म्हणून.

बाबा : मी ऐकलं होतं. तूच ऐकलं नव्हतंस.

लेक : भीती वाटते हो. तुम्ही त्या दिवशी छाती धरून खाली बसलात, तेव्हापासून.

बाबा : मलाही वाटते. पण कोणी हात धरला, की जास्तच वाटते.

लेक : ...चला. जिना डावीकडे आहे.

बाबा : हात नाही धरायचा हं.

लेक : नाही धरत. मी पुढे होते. तुम्ही बोलत बोलत उतरा, म्हणजे मला मागं वळून बघायला नको.