पंधरा टक्के नाथाजी

‘विषय : अपंगत्वाची पेन्शन पुन्हा चालू होणेबाबत. संदर्भ : मेडिकल बोर्डाचा निर्णय, पंधरा टक्के.’ — बसा हो नाथाजीराव, अर्जाचा विषय वाचताना सावधान उभं राहायचं नसतं. राष्ट्रगीत नाही ते. बसा. आणि मला ‘साहेब’ म्हणू नका. मार्चपर्यंत या सैनिक कचेरीतच आतल्या खिडकीशी कारकून होतो, आता रिटायर होऊन बाहेर निंबाखाली लोकांचे अर्ज लिहितो. फरक एवढाच, की इथं वारा येतो.

तर ऐका. ‘अर्जदार शिपाई नाथाजी, तालुका माण, यांचा डावा घोटा एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याच्या छर्ऱ्यांनी फुटला. फौजेतून घरी धाडताना अपंगत्व तीस टक्के धरले. पाच वर्षांनी फेरतपासणीत तेच पंधरा झाले.’ — आता मला सांगा, घोटा काय शेवग्याचं झाड आहे, छाटला की पुन्हा फुटायला? हसू नका. वीसच्या खाली पेन्शन बंद, हा नियम. म्हणजे सरकारदरबारी तुम्ही धडधाकट — अभिनंदन! — आणि तुमच्या घरच्या चंद्राबाई रोजगार हमीवर खडी फोडतात. त्याच सांगत होत्या गुरुवारी. तुम्हाला न कळवता आल्या होत्या — हे बोलायचं नव्हतं मला. असू दे, निघालं तोंडातून. म्हणाल्या, ‘आवं दादा, डाक्टरनं इचारलं, दुखतंय का, तर ह्ये म्हनले न्हाई सायेब! घरात उंबरा वलांडताना माजा खांदा धरत्यात, आन् तितं कवाइत करून दावली!’ — खरं का हे? बुटाकडं काय बघताय, इकडं बघा. म्हणजे खरं. डॉक्टर म्हणाला ‘चलके दिखाओ’ आणि तुम्ही छाती काढून चाललात. किती पावलं? पंधरा? मग हिशोब चोख आहे हो बोर्डाचा, पावलाला एक टक्का! अहो, समोर कर्नल बसला म्हणून काय झालं? तो तुमची परेड बघायला नव्हता आला. आता पुन्हा बोलावलं तर लंगडा. खोटं नको — जेवढं खरं आहे तेवढंच लंगडा. फौजेनं सगळं शिकवलं तुम्हाला, एवढंच राहिलं बघा.

अर्थात माझाही थोडा हातभार लागलाय त्यात. म्हणजे काही विशेष नाही — फेरतपासणीच्या वेळी तुमच्या कागदांना कचेरीचं पत्र जोडलं होतं ना, ते मी लिहिलेलं. सत्तावीस वर्षं ‘सोबत कागद पाठवीत आहे’ असं कोरडं लिहीत आलो, तुमच्या वेळी लेखणी जरा सैल सोडली. खिडकीतून पाहत होतो — फाटकातून गडी आला, पाठ ताठ, फेटा कडक, सायकल अशी झोकात वळवली — मी लिहिलं, ‘सदर इसम जिद्दी असून स्वतः सायकल चालवीत कचेरीत येतो.’ साहेबही खूश, लगेच सही. वाटलं, बोर्डावरच्यांना कळू दे आमच्या माणातली माणसं. कळलंच म्हणा तसं. निकालात काय आहे, तुम्हाला कुणी वाचून नसेल दाखवलं, इंग्रजीत आहे — ‘सायकल चालवू शकतो, सबब —’

राहू द्या ते. सायकल सावलीत घ्या आधी, ट्यूब फुटेल. दहिवडीहून एसटीच्या टपावर टाकून आणता म्हणे? एवढी हौस कशाला गड्या? स्टँडपासून इथवर मैलभर अंतर, चालत यावं की माणसानं, सातारा बघत — काय? …चालणं होत नाही. मैलभरही नाही. बरं… थांबा. फिरवू नका. तशीच धरा. डाव्या बाजूचं पेडल कुठं गेलं? …काढलंय. कधी? …पहिल्यापासूनच. म्हणजे एकट्या उजव्या पायानं — आणि हा चामडी पट्टा पाय निसटू नये म्हणून. आणि डावा नुसता लोंबता ठेवायचा.

खिडकीतून उजवी बाजू दिसते, नाथाजीराव. फाटकच तसं आहे. सत्तावीस वर्षांत उठून दुसरीकडून बघावं असं — पाणी प्या. नाही, मीच पितो.

हं, लिहितो. ‘मागील पत्रातील सायकलीचा मजकूर खाली सही करणाऱ्याने खिडकीतून, एका बाजूने पाहून लिहिला होता. तो चुकीचा आहे. सायकलीस डावे पेडल नाही.’ ही माझी सही. तुमचा अंगठा नको, सही करता तुम्ही, करा इथं. — पाकीट ठेवा खिशात. आणि सलाम कुणाला करताय? हात खाली घ्या. खाली घ्या म्हटलं ना! जा आता, दहिवडीची गाडी चुकेल. चालून दाखवू नका मला — माझा खांदा धरा, फाटकापर्यंत. धरा हो. …असा.

*

सदर अर्ज दिनांक १४ जून १९७८ रोजी रजिस्टर टपालाने रवाना केला. पोच आली. दिवाळी झाली. अर्ज विचाराधीन आहे.